तुरीच्या खळ्यावर आलेलं रजिस्टर



आधी शिवारातली नोंद. तुरीची रास झाली. सोयाबीनमधलं आंतरपीक होतं. वरचा बार धुईनं गळाला, तरी एकरी तीन क्विंटलच्या वर पडली, म्हणून यंदा रडत नाही. हरभरा घाट्यात आहे. एकरी दोन कामगंध सापळे आणि वीस पक्षी थांबे लावलेत. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग दिसले तरच फवारणी, नाहीतर पंप खाली. ज्वारी निसवली आहे, राखणीचं बघावं लागेल.

आज मात्र पिकाचं लिहीत नाही. आज गावच्या शाळेचं लिहायचंय. पेज शेतीचं आहे, मग शाळा कुठून आली असं काही जण म्हणतील. शेवटपर्यंत वाचा. यात सोयाबीनच्या बियाण्याचा हिशेबही आहे.

झालं असं. मागच्या मंगळवारी तुरीची मळणी चालू होती. यंत्राचा आवाज, अंगावर भुसकट, डोळ्यात कचरा. तेवढ्यात चौथीतलं एक पोरगं सायकलवर आलं. हातात शाळेचं रजिस्टर. म्हणालं, "काका, सरांनी सही मागितली." मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे, दोन वर्षं झाली. हात पँटला पुसला, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रजिस्टर टेकवलं आणि त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. वाचलं काहीच नाही. पोरगं पुढं दुसऱ्या वावरात गेलं.

रात्री जेवताना डोक्यात किडा वळवळला. आपण कशावर सही केली? सातबाऱ्यावर कुणी अशी सही मागितली असती तर केली असती का? दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो आणि रजिस्टर मागून वाचलं.

त्यात लिहिलं होतं की मंगळवारी सकाळी अकरा वाजता सभा झाली, सदस्य उपस्थित होते आणि सर्व विषय सर्वानुमते मंजूर झाले. खाली माझी सही, बाजूला तुरीच्या धुळीचा अंगठा. सभा झालीच नव्हती. सभा सायकलवर बसून शिवारभर फिरली होती.

सरांवर खापर फोडायला मी हे लिहीत नाही. सरांनी अकरा वाजता वर्ग उघडून सतरंजी टाकली होती. कुणी आलंच नाही. त्या दिवशी अकरा वाजता गावात होतं तरी कोण? पुरुष मळणीवर, बायका खुरपायला, म्हातारी माणसं ज्वारीवर पाखरं हाकायला. कागद तर पूर्ण करावा लागतो. मग सरांनी काय करावं?

आता त्या रजिस्टरमध्ये काय होतं ते सांगतो. शाळेच्या बातम्या गावाला कळायला पाहिजेत, म्हणून इथं लिहितो.

पहिलं, २६ जानेवारीला झेंडावंदन आणि त्यानंतर लेकरांचे सांस्कृतिक कार्यक्रम. दुसरं, फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी बाल आनंद बाजार. तिसरं, माता पालक मेळावा आणि हळदीकुंकू. चौथं, परसबाग नव्यानं करायची. पाचवं, लेकरांची आरोग्य तपासणी. सहावं, गुढीपाडव्याला नव्या लेकरांचा प्रवेश. सातवं, त्यानंतर शाळापूर्व तयारीचा मेळावा. सगळं चांगलं. वाचून बरं वाटलं.

शेवटून दुसरी ओळ मात्र अशी होती: आजची पटसंख्या २२. चौथीतून बाहेर पडणारे ७. पहिलीत येणारे अपेक्षित २.

मंडळी, बावीसमधून सात गेले, राहिले पंधरा. दोन आले, झाले सतरा. या ओळीवर पण आपण सगळ्यांनी सर्वानुमते सही केली.

वीसचा आकडा म्हणजे काय

सतरा आणि बावीसमध्ये फरक पाचाचाच. पण मध्ये वीस येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हा अशा शाळा १४ हजारांच्या वर आणि त्यांतली लेकरं एक लाख ऐंशी हजारांच्या वर असल्याचे आकडे पेपरात आले होते. पुढं मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवायचे, निकष बदलले. वीसच्या आतल्या शाळांची दुसऱ्या शिक्षकाची कायम जागा धोक्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षक रस्त्यावर उतरले. त्यानंतर काही निर्णय फिरले, काही राहिले. पण वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे कळायला वेधशाळा लागत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ लेकरांपर्यंत दोन शिक्षक धरलेत. आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी असं आहे. म्हणजे सहा वर्षांच्या लेकराला पायी जाता आलं पाहिजे, हा मूळ विचार.

आमच्या गावाहून पुढची शाळा साडेतीन किलोमीटरवर. मध्ये ओढा. जुलै-ऑगस्टात तो ओढा कसा फुगतो हे आपण बघतो. आपण बैल घालायला बिचकतो, तिथून सहा वर्षांची पोरगी दप्तर घेऊन कशी जाणार?

दुसरी बाजूही बघू

समूह शाळा म्हणजे सगळं वाईटच, असं मी म्हणणार नाही. बारा-पंधरा लेकरांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. दुसरीत एकच पोरगी असेल तर तिनं खेळावं कुणाशी, भांडावं कुणाशी? एक शिक्षक चार वर्ग धरून बसला की पहिलीला शिकवताना चौथी पाटीवर चित्रं काढत बसते. पानशेत आणि तोरणमाळ इथं जवळच्या लहान शाळा एकत्र करून बसची, राहण्याची सोय केली, ती उदाहरणं सरकारनंच पुढं ठेवली होती. डोंगरात सुटी सुटी घरं असतील, तिथं कदाचित तेच बरं.

पण आपलं गाव काही डोंगरातली चार घरं नाही. गावात सहा वर्षांची लेकरं किती? मी अंगणवाडीच्या ताईंना विचारलं. येत्या जूनला पहिलीत जायची नऊ आहेत. नऊमधली दोन आपल्या शाळेत आणि सात पिवळ्या गाडीत. लेकरं कमी झाली म्हणून पट घटलेला नाही. पट आपण गाडीत बसवून तालुक्याला पाठवला.

माझाच हिशेब

आता जरा अवघड लिहितो. त्या सातांत एक पोरगी माझी आहे.

मोठा मुलगा तीन वर्षांपासून गाडीनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. फी, गाडी, पुस्तकं, गणवेश धरून वर्षाला चाळीस हजाराच्या वर जातात. माझ्या तुरीची सगळी रास त्यातच जाते. सकाळी साडेसातला पोरगं गाडीत बसतं, संध्याकाळी साडेपाचला उतरतं, उतरलं की झोपतं. धाकटीचंही तिथंच ठरलं होतं.

मी घरी म्हणालो, धाकटीला गावातच घालू. घरातून उत्तर आलं, "तुम्ही गावासाठी काय करायचं ते करा, प्रयोग माझ्या लेकरावर नको." चुकीचं काय बोलल्या? नवीन वाण आपण सगळ्या चार एकरात कधी पेरतो का? आधी चार तासं पेरून बघतो.

म्हणून मी तीन दिवस सकाळी शाळेत जाऊन बसलो. मागच्या बाजूला, पोत्यावर. काय दिसलं ते जसंच्या तसं सांगतो. तिसरी-चौथीची लेकरं मराठी वाचतात, अडखळत नाहीत, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगतात. बेरीज-वजाबाकी येते. भागाकार कच्चा आहे. इंग्रजीचे शब्द येतात, वाक्य जुळत नाही. बाई पहिली-दुसरीला गाण्यातून शिकवतात, लेकरं उठायला तयार नसतात. मोठे सर चांगले शिकवतात, पण तीन दिवसांतले निम्मे तास ते मोबाईलवर माहिती भरत होते. कसली तरी माहिती, आजच पाहिजे, चार वाजायच्या आत. कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपू नये. माहिती भरणं हे शिक्षणाचं काम की बाहेरचं, यावर वकील वाद घालतील. पण फळ्यापुढं उभा राहिलेला माणूस खाली बसून मोबाईलमध्ये बोटं घालतो तेव्हा वर्ग थांबतो, एवढं मला कळतं.

मग माझ्या मोठ्याला घरी तिसरीचा मराठी धडा वाचायला दिला. त्यानं इंग्रजी झरझर वाचलं, अर्थ विचारला तर गप्प. मराठी अडखळत वाचलं. चाळीस हजारांत मी काय विकत घेतलं हे त्या रात्री कळलं. ती शाळा वाईट आहे असं म्हणत नाही. पण ती शाळा कशी चालते हे बघायला मी तीन वर्षांत एकदाही गेलो नाही, फी भरायला तेवढा गेलो. गावची शाळा तर दोनशे पावलांवर, तिथंही गेलो नाही. रासायनिक खताच्या पोत्यावरचे आकडे आपण वाचतो, आणि लेकराच्या शाळेत पाय ठेवत नाही.

आता निर्णय. धाकटी जूनमध्ये गावच्या शाळेत जाईल, असं घरात ठरलं. एका अटीवर. घरची अट आहे की मी दर महिन्याच्या सभेला बसायचं आणि भागाकार कच्चा राहतो तो का, हे विचारायचं. मोठ्याचं काय, ते अजून ठरलं नाही. चौथीला आहे, वर्षासाठी हलवावं की नाही यावर घरात अजून चर्चा आहे. खोटं कशाला लिहू.

वेळापत्रक कुणाच्या सोयीचं

माझा मुद्दा इथून सुरू होतो. शाळा गावापासून तुटली याचं एक कारण मला घड्याळात दिसतं.

समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, असं कायदा सांगतो. शाळेचं काम बघायचं, आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, हे या समितीचं काम. एवढा अधिकार आपल्याला ग्रामपंचायतीत पण नीट मिळत नाही. आणि सभा ठेवतात अकरा वाजता, राशीच्या दिवसांत. ज्या बाईची अकराला खुरपणीची मजुरी चालू आहे ती तीनशे रुपये सोडून सभेला कशी येईल? मग तिची सही सायकलवरून येते.

वेळ बदलता येते. आपल्या लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला स्थानिक सुट्टी असते. त्या दिवशी सगळा गाव वावरात असतो, कोपीपुढं भज्जी आणि आंबिलीवर, म्हणून शाळा पण बंद ठेवतात. पुण्याला ही सुट्टी नाही, मुंबईला नाही. म्हणजे शेतीकडं बघून शाळेचा दिवस हलवता येतो, आणि तो आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी हलतो. कायद्याच्या ९ व्या कलमात शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचं काम धरलंय. पहिली ते पाचवीला वर्षात किमान दोनशे दिवस शाळा भरली पाहिजे, ती अट पाळून बाकीचं जुळवता येतं.

गैरसमज नको. लेकरांना राशीला, काढणीला सुट्टी द्या, असं मी अजिबात म्हणत नाही. लेकरानं शाळेत असावं, आणि आईबापानं शाळेत यावं अशी वेळ शोधावी, एवढंच म्हणतो. अमावस्येला आपल्याकडं औत धरत नाहीत. मग समितीची सभा दर अमावस्येला संध्याकाळी सात वाजता का नको? जनावरांचं झालेलं असतं, बायका जेवण उरकून येऊ शकतात, आणि तारीख कुणाला सांगावी लागत नाही. कॅलेंडर बघणारा माणूस प्रत्येक घरात आहे.

शाळेत आपलं काम काय

सरांना मी विचारलं, आम्ही काय करू? सर म्हणाले, "वर्गणी नको, या." मग मी तीन गोष्टी सुचवल्या. कृषी सहायक आणि पेज वाचणारे कृषी पदवीधर मित्र, तुम्ही पण बघा आणि चुकत असेल तर सांगा.

१) बियाणं तपासणीचा दिवस. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आधी. प्रत्येक लेकरानं घरच्या सोयाबीनचे मूठ-दोन मूठ दाणे आणायचे. न निवडता शंभर दाणे मोजायचे, असे तीन नमुने. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून निरोगी कोंब मोजायचे, तिन्हींची सरासरी काढायची. सोयाबीन स्वपरागीत आहे, सरळ वाण असेल तर घरचं बियाणं तीन वर्षं वापरता येतं, फक्त उगवण बघावी लागते. उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो. साठ टक्के निघाली तर किती? सत्तर गुणिले तीस भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. साठच्या खाली गेली तर ते बियाणं पेरूच नये.

आता सांगा, यात चौथीचं गणित कुठं कमी पडलं? गुणाकार आला, टक्केवारी आली, सरासरी आली आणि तो कच्चा भागाकार पण आला. पोरगी घरी येऊन बापाला म्हणेल, आपलं बियाणं बासष्ट टक्के आहे. कुठल्या दुकानदारानं आजवर आपल्याला इतकं खरं सांगितलं?

२) पर्जन्यमापक. एक बसवायचा, आणि पावसाळ्यात रोज सकाळी ठरल्या वेळी तिसरी-चौथीच्या लेकरांनी वाचून फळ्यावर लिहायचं. आपल्याकडं महसूल मंडळाच्या केंद्रात पाऊस मोजतात. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. पण केंद्रावर साठ पडतो आणि आपल्या शिवारात नव्वद. शाळेची नोंद पंचनाम्याला चालणार नाही, हे मला माहीत आहे. पण पेरणी कधी करायची, वापसा कधी येईल, हे ठरवायला गावाला स्वतःचा आकडा मिळेल. लेकरांना एक गणितही मिळेल. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. शाळेचं छत साधारण हजार चौरस फूट, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. वीस मिलिमीटरच्या एका पावसात या छतावरून अठराशे लिटरच्या वर पाणी वाहून जातं. कुठं जातं? दारातल्या चिखलात. ते टाकीत घेतलं तर परसबागेला होईल.

३) परसबाग. दरवर्षी होते आणि दरवर्षी मरते. पावसाळ्यात मेथी-पालक लावतात, फोटो काढतात, पोळ्यानंतर कुंपण नसल्यानं शेळ्या साफ करतात. दोष शेळ्यांचा नाही. पोषण आहाराच्या नियमात पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी धरली आहे, त्यातून साडेचारशे उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिनं मिळावीत म्हणून. बावीस लेकरांना दिवसाला अकराशे ग्रॅम भाजी. दोनशे दिवसांची दोनशे वीस किलो. एक गुंठा नीट पिकवला, म्हणजे पाळीपाळीनं मेथी, पालक, चुका, भेंडी, दोडका घेतला आणि हात धुवायच्या पाण्यावर दोन शेवगे, एक पपई, एक कढीपत्ता लावला, तर निम्मी भाजी तरी तिथंच निघेल असा माझा अंदाज आहे. फवारणी करायची नाही, निंबोळी अर्क सोडून. कुंपणाला जुनी ठिबकची नळी आणि बाभळीच्या फांद्या मी देतो. सुट्टीतलं पाणी आठवड्याला एका घरानं घालायचं. सात घरं मिळाली की उन्हाळा निघाला.

आनंद बाजाराबद्दल पण एक. आपण काय करतो? आई घरी भेळ करून देते, लेकरू विकतं, आपणच विकत घेतो. हौस होते, ठीक आहे. यंदा लेकरांनी वावरातली मेथी, हरभऱ्याचे डहाळे, बोरं, लिंबं आणावीत आणि प्रत्येकानं एका कागदावर लिहावं: बियाणं किती, पाणी किती वेळा, मजुरी किती, विकलं कितीला. शेतकऱ्याच्या लेकराला भाव विचारायला येतो. खर्च लिहायला आपण शिकवत नाही, कारण आपण स्वतः लिहीत नाही.

ही मागणी नवी नाही

शाळेत शेतीचं काय काम, असं विचारणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८८२ साली हंटर आयोगापुढं महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा फायदा मात्र वरच्यांना मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी सांगितलं. आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली, त्यात मोडी-बाळबोध वाचन-लेखन होतं, हिशेब होता, इतिहास-भूगोल होता, आरोग्य आणि नीती होती, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही होतं. याला एकशे चाळीस वर्षांच्या वर झाली.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून काय होतं असं विचारणाऱ्यांसाठी नवी गोष्ट. २०२० साली जगातल्या शिक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला तो माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना. तीही अशीच एका लहान गावची शाळा. प्रत्येक गावात तसा माणूस मिळणार नाही, मान्य. पण आपल्या गावात जे दोन आहेत त्यांना वर्गात राहू देणं आपल्या हातात आहे.

आता काय

ऊसतोडीला जाणारी आमच्या गावची चार घरं आहेत. त्यांची तीन लेकरं आजीजवळ राहतात, शाळेत येतात, दुपारी शाळेत जेवतात. पिवळ्या गाडीची सोय माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी आहे. त्या तीन लेकरांना गाडी नाही. शाळा गेली की ती लेकरं जानेवारीत फडावर दिसतील. मला वाटतं, पटाचा सगळा हिशेब या तीन लेकरांपासून सुरू करायला पाहिजे.

म्हणून माझ्या गावच्या मंडळींना सांगणं:

येत्या अमावस्येला संध्याकाळी सात वाजता शाळेत सभा. सरांशी बोलणं झालंय, ते थांबणार आहेत. मागच्या मंगळवारच्या सगळ्या विषयांवर पुन्हा बोलायचं, खरोखर. बायका सदस्यांनी यावं. घरातल्या पुरुषानं त्यांच्या जागी येऊ नये.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर घाईनं वावराकडं पळू नका. चौथीची लेकरं मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत, ते ऐका. मग मत बनवा.

गुढीपाडव्याच्या आत ज्या सात घरांनी गाडीचं ठरवलंय, त्यांनी एक दिवस शाळेत पोत्यावर बसून बघावं. मी जसं बसलो तसं. पटलं नाही तर गाडी आहेच, मी एक शब्द बोलणार नाही. सातमधली माझी एक परत आली, आता अपेक्षित दोनाचे तीन झाले. सतराचे अठरा. अजून दोन पाहिजेत.

दुसऱ्या गावच्या मित्रांना एकच विनंती. तुमच्या शाळेचं रजिस्टर मागा आणि शेवटून दुसरी ओळ वाचा. ती ओळ प्रत्येक गावात असते.

बाकी नोंद. तुरीचं भुसकट जनावरांना चांगलं असतं, जाळू नका. ज्वारीची राखण आजपासून सुरू केली. आणि रजिस्टर घेऊन आलेल्या त्या पोराला मी परवा विचारलं, तुला त्या दिवशी शाळा बुडवून किती वावरं फिरावी लागली? म्हणालं, "अकरा."

पुढच्या सह्या आपण शाळेत जाऊन करू.